लिनन: आधी पाणी, मग कात्री

लिननचा पहिला शर्ट मी दोन धुण्यांत घालवला. कापड चांगलं होतं, मापं बरोबर होती, टीपही सरळ होती. फक्त कापड पाण्यातून न काढता बेतलं होतं. पहिल्या धुण्यात बाह्या मनगटाच्या वर गेल्या. दुसऱ्या धुण्यानंतर बटणपट्टी नागमोडी झाली, कारण वरचं कापड आटलं आणि आतलं बकरम, म्हणजे पट्टीला ताठपणा देण्यासाठी आत घालायचं कापड, जसंच्या तसं राहिलं. त्यानंतर इतरांचे बिघडलेले लिनन शर्ट, पँटी, अभ्रे बरेच हाताखालून गेले. बहुतेकांनी सगळी कामं केलेली असतात, फक्त मागची पुढे झालेली असतात.

लिननचा धागा जवसाच्या खोडाच्या सालीतून निघतो. तो ताण सहन करतो, पण ताणला जात नाही: तुटेपर्यंत जेमतेम २ ते ३ टक्के लांबतो. कापसाचा तंतू याच्या दुप्पट-तिप्पट लांबतो. म्हणून लिननला पडलेली चुणी आपोआप उलगडत नाही. ओला झाला की मात्र हाच धागा अधिक बळकट होतो आणि वळवाल तसा वळतो; वाळताना ज्या अवस्थेत असेल ती धरून बसतो. पुढचे सगळे टप्पे याच दोन गोष्टींवर बेतलेले आहेत.

## टप्पा १: हातात आहे ते खरंच लिनन आहे का?

गोंधळ शब्दापासूनच सुरू होतो. ‘लिनन’ हा शब्द तीन अर्थांनी वापरला जातो. एक, जवसाच्या धाग्याचं कापड. दोन, हॉटेलात किंवा रुग्णालयात चादरी, अभ्रे, टॉवेल, टेबलक्लॉथ या सगळ्यांना मिळून म्हणतात ते ‘लिनन’. ते बहुतेकदा सुती किंवा मिश्र धाग्याचं असतं. तीन, ‘लिनन लूक’ किंवा ‘लिनन फील’, म्हणजे लिननसारखं फक्त दिसणारं कापड. ते पूर्ण पॉलिएस्टरचंही असू शकतं.

म्हणून नाव वाचू नका, टक्के वाचा. ‘५५% लिनन, ४५% कॉटन’ असं मिश्रण वाईट नसतं. कमी चुरगळतं, मऊ असतं, रोजच्या वापराला सोयीचं पडतं. पण त्याचं आटणं, वाळणं आणि इस्त्री शुद्ध लिननपेक्षा वेगळी असते. हे आधी माहीत हवं.

लेबल नसेल तर काठाजवळून एक उभा आणि एक आडवा धागा काढा. दोन्ही काढायचे, कारण काही कापडांत एका दिशेला लिनन आणि दुसऱ्या दिशेला कापूस असतो. धाग्याचा पीळ उलगडून तो हळूहळू ओढून तोडा आणि तुटलेलं टोक उजेडात धरा. लिननच्या टोकाला सरळ, ताठ, टोकदार तंतू दिसतात. कापसाच्या टोकाला आखूड, कुरळ्या तंतूंचा ब्रशसारखा झुपका येतो.

जाळून पाहण्याची परीक्षा अर्धवटच उपयोगी आहे. लिनन आणि कापूस दोन्ही कागदासारखे जळतात, तसाच वास येतो, मागे मऊ राखाडी राख उरते. त्यामुळे या दोघांतला फरक कळत नाही; पॉलिएस्टर मात्र वितळून कडक काळा मणी होतो, तो लगेच ओळखू येतो. चिमट्यात धरून, पाण्याचं भांडं शेजारी ठेवून, एकच धागा जाळा.

सावध: धाग्यातल्या जाड-बारीक गाठी हा लिननचा पुरावा नव्हे. तशाच गाठींचं सूत कापसात मुद्दाम कातलं जातं.

## टप्पा २: कशासाठी, किती जाड आणि किती जास्त?

कापडाचं वजन जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये. साधारण १५० पर्यंतचं शर्ट, ओढणी, पातळ पडद्यांना चालतं. १५० ते २०० च्या आसपासचं पँट, झगा, चादर, अभ्रे यांना. २५० च्या पुढचं पिशव्या, सोफ्याची कव्हरं, जाड पडदे यांना. सुताचा नंबर ‘लिया’मध्ये दिलेला असतो: आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. २५ लिया जाड, ६० लिया बारीक.

इथे होणारी मोठी चूक म्हणजे पातळ, विरळ विणीचं कापड घेऊन त्याची अंगाबरोबर बसणारी पँट शिवणं. लिनन ताणत नाही म्हटल्यावर बसताना येणारा सगळा ताण शिवणीवर येतो, विण शिवणीपाशी सरकते आणि तिथे जाळी दिसू लागते. पँटीला घट्ट विणीचंच कापड घ्या आणि कमरेखाली सैलसर माप ठेवा. गुडघ्याशी थोडा फुगा येणारच, तो पुढच्या धुण्यात बसतो.

आता किती घ्यायचं. न धुतलेलं लिनन ३ ते १० टक्क्यांपर्यंत आटू शकतं, आणि उभ्या दिशेला बहुधा जास्त आटतं. ३ मीटर लागणार असेल आणि कापड ८ टक्के आटलं तर २४ सेंटीमीटर गेले. म्हणजे एका बाहीची जवळपास अर्धी लांबी. मी सरळ १० टक्के जास्त घेतो. उरलं तर ठिगळाला येतं.

तपासा: ‘प्री-वॉश्ड’ लिहिलेलं असलं तरी पुढचा टप्पा गाळू नका. कारखान्यातलं धुणं आणि तुमच्या मशीनमधलं धुणं एक नसतं.

## टप्पा ३: पाण्यातून काढणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. घाई करणारे नेमके इथेच घाई करतात.

१. कापडाच्या एका कोपऱ्यातून २५ सेंटीमीटरचा चौकोन कापा. त्यावर न पुसल्या जाणाऱ्या पेनाने किंवा रंगीत दोऱ्याने बरोबर २० × २० सेंटीमीटरची चौकट आखा आणि उभी दिशा बाणाने दाखवा. बाण नसेल तर नंतर कुठली बाजू आटली हे कळणार नाही.

२. रंगीत कापड असेल तर पांढरं फडकं ओलं करून चौकोनाच्या कोपऱ्यावर दाबून चोळा. फडक्याला रंग लागला तर कापड वेगळं धुवायचं, आणि रंग जाईनासा होईपर्यंत पुन्हा धुवायचं.

३. चौकोन पुढे ज्या पद्धतीने कपडा धुणार त्याच पद्धतीने धुवा आणि वाळवा. कपडा मशीनमध्ये ४० अंशांवर धुणार असाल तर चौकोनही ४० अंशांवर. इथे हातानं थंड पाण्यात बुचकळून काढायचं आणि पुढे कपडा गरम पाण्यात टाकायचा, हे स्वतःला फसवणं आहे.

४. इस्त्री करून मोजा. २० चे १९ झाले असतील तर कापड ५ टक्के आटलं. उभं १८.५ आणि आडवं १९.५ असंही होतं. म्हणून दोन्ही बाजू मोजा आणि लिहून ठेवा.

५. आता पूर्ण कापड. कापलेल्या दोन्ही कडांना आधी झिगझॅग टीप किंवा ओव्हरलॉक, म्हणजे कडेचे धागे बांधून टाकणारी टीप, मारा. हे न करता मशीनमध्ये टाकलं की कडेचे धागे सुटतात, त्यांचा दोरखंड होतो, तो कापडाला गुंडाळला जातो आणि त्याखाली ज्या चुण्या पडतात त्या काही केल्या जात नाहीत.

६. कापड लांबीत सैल घड्या घालून मशीनमध्ये ठेवा, बोळा करून कोंबू नका. मशीन अर्धंच भरा. लिननला पाणी भरपूर लागतं आणि हलायला जागा लागते. साबण सौम्य आणि कमी. फिरकीचा वेग मिनिटाला ६०० ते ८०० फेऱ्यांच्या पुढे नको.

७. चक्र संपताच बाहेर काढा. दोन्ही टोकं धरून झटका, काठ सरळ करा, आणि दांडीवर पसरून वाळत घाला. तारेवर अर्धं मोडून टाकलं तर मधोमध चर पडतो. तो पुढे इस्त्रीनेही हट्टाने राहतो.

८. पूर्ण वाळू देऊ नका. हाताला गार लागेल पण पाणी जाणवणार नाही इतकं दमट असतानाच उतरवा आणि उभ्या धाग्याच्या दिशेने इस्त्री करा. उरेब, म्हणजे तिरकी, इस्त्री फिरवली तर कापड खेचलं जातं आणि तसंच वाळून बसतं.

जाड कापड आणि गडद रंग यांना ही सगळी फेरी दोनदा करा. दुसऱ्या धुण्यातही थोडं आटतं.

तपासा: पूर्ण कापडाची लांबी आणि पन्हा, म्हणजे रुंदी, पुन्हा मोजा. चौकोनाच्या हिशेबाशी जुळत नसेल तर कापड अजून एकदा पाण्यातून काढा.

सावध: कॉलर, बटणपट्टी, कमरपट्टी यांच्यात घालायचं बकरम, अस्तर आणि नाडी हेही वेगळं भिजवून घ्या. चिकटवायच्या बकरमला गरम पाणी आणि मशीन नको. कोमट पाण्यात २० मिनिटं ठेवून, न पिळता, सपाट वाळवा. दोन्ही थर सारखे आटलेले नसले की काय होतं, ते माझ्या त्या बटणपट्टीवर दिसलं.

## टप्पा ४: धागा ओढून सरळ करणं आणि बेतणं

दुकानात कापलेली कड सरळ आहे असं कधीही धरून चालू नका. लिननची विण सरकते आणि धुतल्यावर तर कापड हमखास तिरकं बसलेलं असतं.

कापलेल्या कडेपासून दोन-तीन सेंटीमीटरवर काठाला, म्हणजे विणलेल्या बाजूच्या किनारीला, छोटा कट द्या. सुईच्या टोकाने एक आडवा धागा उचला आणि बोटांत धरून हलकेच ओढत जा. दुसऱ्या हाताने कापड त्या धाग्यावर सरकवत राहा. कापड थोडं गोळा होतं, मग पुढे सरकतं, आणि मागे एक बारीक, उजेड दिसणारी रेघ उरते. ही रेघ म्हणजे खरी आडवी दिशा. धागा मध्येच तुटला तर रेघेवरून तिथपर्यंत कापा आणि तिथून शेजारचा धागा उचला. पूर्ण पन्ह्याला पंधरा मिनिटं लागतात. कंटाळवाणं काम आहे, मान्य. पण लिननच्या टेबलक्लॉथचा एक कोपरा खाली का लोंबतो याचं उत्तर या पंधरा मिनिटांत असतं.

आता दोन्ही टोकांना धागा काढून कापलेलं कापड काठाला काठ लावून दुमडा. कोपरे जुळत नसतील तर कापड तिरकं आहे. पाण्याचा हलका फवारा मारा, आखूड पडणारा कोपरा आणि त्याच्या समोरचा कोपरा धरून दोघांनी तिरकं ओढा, मग सपाट इस्त्री करून गार होऊ द्या. कोरड्या कापडावर ही ओढाओढ व्यर्थ आहे.

बेतताना टाचण्यांपेक्षा वजनं ठेवा; टाचणी कापड उचलते आणि तेवढ्यात रेघ हलते. कात्री धारदार हवी आणि तिचं खालचं पातं टेबलावरून उचलायचं नाही. माया, म्हणजे शिवणीबाहेर ठेवायचं कापड, नेहमीपेक्षा जास्त, निदान दीड सेंटीमीटर सोडा. लिननच्या कडा सुटतात. एक सेंटीमीटर माया शिवेपर्यंत पाऊण सेंटीमीटर उरते.

सावध: कापलेले तुकडे हातात धरून, झटकून, पुन्हा पुन्हा मापून पाहू नका. गळा आणि बाहीचा गोल हे उरेब भाग असल्याने लगेच पसरतात. कापल्याबरोबर त्यांच्या कडेलगत एक साधी टीप मारून ठेवा.

## टप्पा ५: शिवणं

इथे थोडक्यात, कारण आधीचे टप्पे नीट झाले असतील तर लिनन शिवायला सोपं आहे. सरकत नाही, ताणत नाही, टीप बसते.

सुई नवी आणि टोकदार घ्या: पातळ कापडाला ७० किंवा ८०, मध्यम कापडाला ८० किंवा ९०, जाड कापडाला १०० नंबर. टाका २.५ ते ३ मिलिमीटर. फार बारीक टाके मारले तर कडेची विण जणू छिद्रांच्या रांगेवर फाडायला तयार होते. आधी उरलेल्या तुकड्यावर, दुहेरी कापडावर, टीप मारून पाहा. चुणी पडत असेल तर दोऱ्याचा ताण कमी करा.

कडा उघड्या ठेवू नका. पातळ कापडाला फ्रेंच शिलाई घाला: आधी कापडाची उलटी बाजू आत ठेवून बारीक टीप, माया कातरून तीन मिलिमीटर, कापड उलटवून दाबायचं आणि दुसरी टीप, म्हणजे सगळे धागे आत बंद होतात. पँट, पिशवी यांना एका बाजूची माया दुसरीवर दुमडून वरून दोन टिपा द्या, जीन्सला असतात तशा. मधल्या जाडीला नुसतं ओव्हरलॉकही चालतं, पण ते शिवण्याआधी प्रत्येक तुकड्याला वेगवेगळं.

प्रत्येक टिपेनंतर इस्त्री. शेवटी एकदाच करू म्हणणाऱ्यांची शिवण लिननवर कायम फुगलेली राहते. काज करण्याआधी त्या जागी बकरम आहे ना हे बोटानं चाचपून पाहा. उरेब कापलेला घेर असेल तर रात्रभर टांगून ठेवा आणि खालची कड दुसऱ्या दिवशी सारखी करून दुमडा.

## शिवून झालं आणि मग आठवलं?

कापड न भिजवता शिवून झालं असेल, तर कपडा पहिल्यांदा थंड पाण्यात, हाताने, न पिळता धुवा. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा, सपाट जागेवर पसरा आणि ओला असतानाच शिवणीच्या दिशेने हाताने ताणत मूळ मापावर आणा. दमट असतानाच इस्त्री करा. थोडी लांबी परत मिळते. पुढच्या धुण्यात ती पुन्हा जाते, मग हाच खेळ पुन्हा. बाहीला किंवा खाली माया सोडलेली असेल तर ती उसवून सोडणं हाच टिकाऊ उपाय. आणि गरम हवेच्या ड्रायरमध्ये हा कपडा कधीच टाकू नका.

## टप्पा ६: रोजचं धुणं

रंगीत लिनन ३० ते ४० अंशांवर. रंग न दिलेल्या पांढऱ्या चादरी, टेबलक्लॉथ लेबल परवानगी देत असेल तर ६० अंशांपर्यंत. आत कॅनव्हास घातलेला जॅकेट मात्र ड्रायक्लीनला द्या. तिथे प्रश्न लिननचा कमी आणि आतल्या थरांचा जास्त असतो.

वारंवार दिसणाऱ्या चुका अशा:

- क्लोरीनचं ब्लीच. धागा कमजोर होतो. डाग काढायला ऑक्सिजनवर आधारलेली पावडर पुरते.
- फॅब्रिक सॉफ्टनर. तंतूवर थर बसतो आणि लिननचा पाणी शोषण्याचा गुणच जातो. लिनन वापराने आपोआप मऊ होतं, धीर धरा.
- नैसर्गिक करड्या-पिवळसर रंगाच्या लिननला ‘अधिक शुभ्र’ करणारी पावडर. तिच्यातल्या चमक आणणाऱ्या द्रव्यांनी मूळ छटा बदलते, तीही डागाडागांनी.
- डाग चोळणं. गडद रंगावर वरचे तंतू तुटतात आणि डाग गेल्यावर तिथे फिकट पट्टा उरतो. डाग ताजा असताना थंड पाणी लावून फडक्याने टिपा, कडेकडून आत.
- जीन्स आणि टॉवेल यांच्याबरोबर एकाच फेरीत धुणं. जड कपड्यांच्या घर्षणाने लिननवर लव उठते.

तपासा: मशीन थांबल्यावर कपडे आत किती वेळ पडून राहतात? तासभर राहिले तर त्या चुण्या वाळण्याआधीच बसलेल्या असतात.

## टप्पा ७: इस्त्री

लिननच्या इस्त्रीबद्दल तक्रार करणारे जवळजवळ सगळे कोरड्या लिननवर इस्त्री फिरवत असतात. कडकडीत वाळलेल्या धाग्याला वाफेचा फुत्कार पुरत नाही.

वाळलेलं असेल तर पाणी फवारून घट्ट गुंडाळा आणि पिशवीत घालून अर्धा तास ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी मुरते. फक्त वर वर फवारून लगेच इस्त्री केली तर पृष्ठभाग सुकतो, आतली चुणी राहते.

शुद्ध लिननला इस्त्रीच्या खुणेतले तीन ठिपके चालतात, म्हणजे सुमारे २०० अंश. पॉलिएस्टरचं मिश्रण असेल तर हेच तापमान कापड वितळवेल. टप्पा १ मध्ये टक्के वाचायला सांगितले ते यासाठीही. गडद रंगाला उलट्या बाजूने इस्त्री करा, नाहीतर शिवणींवर आणि खिशांच्या कडांवर चकाकी येते. क्रम असा ठेवा: आधी कॉलर, पट्ट्या, खिसे असे दुहेरी भाग, मग बाह्या, शेवटी पाठ आणि पुढची बाजू. मोठे सपाट भाग आधी केले तर बाही फिरवताना ते पुन्हा चुरगळतात.

इस्त्री झाल्यावर कपडा दहा मिनिटं टांगून गार होऊ द्या. गरम आणि किंचित दमट शर्ट अंगात घातला की कोपरात आणि कमरेत पडणाऱ्या घड्या दिवसभर तशाच राहतात.

रोजच्या शर्टाला मी तर इस्त्रीच करत नाही. झटकून, कॉलर-पट्टी हाताने ओढून, हँगरवर वाळवलेला लिननचा शर्ट ज्या मऊ सुरकुत्यांसकट वाळतो, तो तसाच बरा दिसतो. टेबलक्लॉथला मात्र ही सवलत नाही.

## टप्पा ८: घडी आणि ठेवणं

लिननची चादर फाटते ती बहुधा मधोमध नाही, घडीच्या रेघेवर. धागा ताणत नाही, म्हणून एकाच जागी वर्षानुवर्षं मोडत राहिला की तिथेच तुटतो. कडक इस्त्रीची धारदार घडी घालून कपाटात ठेवणं त्यामुळे वाईट. मोठे टेबलक्लॉथ नळीवर गुंडाळून ठेवा. जागा नसेल तर सैल घडी घाला, आणि एकदा दोन भागांत, पुढच्या वेळी तीन भागांत, अशी रेघ बदलत राहा.

बरेच दिवस ठेवायचं असेल तर धुऊन, पूर्ण कोरडं करून, खळ किंवा स्टार्च न लावता ठेवा. स्टार्चवर कसर येते. इस्त्रीनंतर लगेच कपाटात नको, उरलेल्या ओलीने बुरशीचे ठिपके येतात. बंद प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा धुतलेला सुती अभ्रा चांगला. लाकडी फळी किंवा पुठ्ठ्याला कापड थेट टेकलं तर कालांतराने पिवळे डाग येतात, म्हणून मध्ये पांढरं सुती कापड घाला. चार-सहा महिन्यांनी बाहेर काढा, घडीच्या रेघा उजेडासमोर धरा, आणि कुठे विण विरळ दिसली तर त्या जागेवर आतून त्याच कापडाचं ठिगळ लावा. वर सांगितलेलं १० टक्क्यांतलं उरलेलं कापड टाकून दिलं नसेल तर रंगही जुळेल, फक्त तेही मूळ कापडाबरोबरच धुतलेलं असावं.